पहिल्या प्रश्नाचा नारळ

"पहिला प्रश्न विचारणाऱ्याला नारळ!" व्याख्यान संपताच आयोजक भडकमकरांनी दरवर्षीप्रमाणे जाहीर केलं. सभागृह गच्च भरलं होतं, पण एकही हात वर झाला नाही. मनात शंका यायचा अवकाश, कानातली यांत्रिक कर्णिका उत्तर देऊन मोकळी व्हायची. मग माणसांना कोण कशाला विचारील? व्याख्यानमालेचा नारळ वर्षानुवर्षं भडकमकरांच्याच घरी परत जात होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ त्यांना दिसले. मान खाली घातलेली, पण कानात कर्णिका नव्हती. भडकमकर मोठ्या आशेनं नारळ घेऊन व्यासपीठावरून खाली उतरले.

"आजोबा, तुम्ही तरी काही विचारा," म्हणत त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हातारे एका बाजूला कलंडले. अंग गार पडलं होतं.

"मघाशी छाती धरून कण्हत होते खरे," शेजारच्या बाई म्हणाल्या. "पण माझी कर्णिका लगेच म्हणाली, पित्त झालं असेल."

"अहो, पण त्यांना नाही का विचारायचं?"

"त्यांना?" बाईंनी गोंधळून विचारलं.

कित्येक वर्षांत श्रोत्यांतून आलेला तो पहिला प्रश्न होता.