टाकलेला गाभ

"अकरापैकी नऊंना लागण निघाली," जनावरांच्या डॉक्टर तृप्ती म्हणाल्या. "बोकडही त्यात आला."

गोठ्याच्या दाराशी बसून आमिना बोकडाला सुबाभळीचा पाला चारत होती. तिचा हात थांबला. पांढराशुभ्र, लांब कानांचा तो बोकड अस्सल संगमनेरी होता. अशी बिनभेसळ जात भोकरदनच्या या बाजूला दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. आधी सासऱ्यानं ती राखली, मग नवऱ्यानं, पाशामियाँनं.

"इंजेक्शन देऊन बघा की, मॅडम. कितीक महाग असंना."

"शेळ्यांत या रोगाला उपाय नाही, चाची. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. मारून खोल पुरायला लागतील. आजच." डॉक्टरांनी मोबाइलवरचा रक्त तपासणीचा अहवाल पुन्हा एकदा पाहिला. "दोन वर्षांत किती शेळ्यांनी गाभ टाकला?"

"तीन-चार असतील."

"सात," मागून आवाज आला. आमिनाची सून शबनम पाण्याची बादली घेऊन उभी होती. "मागल्या साली चार, औंदा तीन."

"तुम्ही मोजले?"

"मीच काढले. मीच पुरले."

"हातात मोजे होते?"

शबनमनं बादली खाली ठेवली. "न्हाई."

डॉक्टरांनी तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "यांचं दूध कच्चं पितं का कुणी घरात?"

"हीच पिती," आमिना म्हणाली. "मीच देते, धारोष्ण. दोन्ही बारीला पोटुशी होती तवा तर सांज-सकाळ दिलं. अंगात ताकद यावी म्हणून."

"दोन्ही बारीला म्हणजे?"

आमिनानं मान खाली घातली.

"एक पाचव्या महिन्यात गेलं," शबनम म्हणाली. "एक सहाव्या."

बोकडानं आमिनाच्या हातातली डहाळी ओढून घेतली. तिला कळलंही नाही.

"हा रोग माणसात येतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तपासल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही. पण त्यानं असं होऊ शकतं. तुम्ही रक्त तपासून घ्या. माणसांत औषध आहे याला. बरं होतं."

शबनमनं सासूकडे पाहिलं नाही. तिनं पाहावं असं आमिनाला वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. दोन वर्षं गल्लीत, नात्यात, दर्ग्याच्या पायरीवर आमिना एकच सांगत आली होती, की पोरीच्या कुशीतच खोट आहे. त्याच सकाळी तिचा मुलगा, शबनमचा नवरा मुजाहिद, बापाला घेऊन बदनापूरला दुसऱ्या निकाहासाठी मुलगी बघायला गेला होता. जाताना त्याच्या सदऱ्याला इस्त्री शबनमनंच करून दिली होती.

आमिना उठली आणि तिनं फोन लावला. पलीकडे माणसांचा गलका होता.

"मुजाहिद, थांब तिथंच. कबूल करू नको काही."

"झालं की पक्कं, अम्मी. आत्ताच शक्कर वाटली. का?"

"त्यांना सांग, खोट शबनममधी न्हाई. आपल्या शेळ्यांच्या दुधात हाय."

"काय बोलून राह्यली तू? मंग बोलतो. बसलेत सगळे इथं." फोन बंद झाला.

शबनम बादली उचलून शेळ्यांना पाणी पाजायला गेली. नऊंनाही पाजलं.

दुपारी शेजारच्या कारभारींनी जेसीबी आणून मोसंबीच्या बांधाला खड्डा खणून दिला. डॉक्टरांनी सगळ्यांना रबरी मोजे दिले. शबनमनं आपले चढवले, बोटं दोनदा उघडझाप करून पाहिली. शेळ्या दुसऱ्या कुणाच्या हाताला येईनात. तिच्या मागून मात्र चालत आल्या. एकेक करून तिनं आठही आणल्या, मान धरून ठेवली आणि डॉक्टर इंजेक्शन देत गेल्या. शेवटी बोकड राहिला.

"ह्याला मी नेते," आमिना म्हणाली.

"न्हाई," शबनम म्हणाली. "आजवर सगळ्यांना मीच नेलं."

चुना पडला, माती पडली. शबनमनं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, घरात गेली आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. डॉक्टर गाडीनं जालन्याला निघाल्या होत्या.

"मला दवाखान्यात सोडा," ती त्यांना म्हणाली. "रक्त देऊन मी आईकडं जाईन."

आमिना गाडीचं दार धरून उभी राहिली. "शबनम, मला ठावं नव्हतं गं."

"मला तरी कुठं ठावं होतं, अम्मी. पण मी कुणाला नावं न्हाई ठेवली."

तिनं दार ओढून घेतलं. ते जोरात लावलं नाही.

दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर, पाशामियाँ आणि मुजाहिद परत आले. मुजाहिदच्या हातात मिठाईचा खोका होता. गोठ्यात दोनच शेळ्या ओरडत होत्या. आमिनानं काय झालं ते सगळं सांगितलं, दुधाचं आणि शबनमचंसुद्धा. मुजाहिद खोका हातात धरून तसाच उभा राहिला. पाशामियाँ चालत बांधाकडे गेला, ओल्या मातीशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

"अब्बांनी राखलेली जात," तो म्हणत होता. "माझ्या हातून संपली."

आमिना त्याच्या बाजूला जाऊन बसली. बराच वेळ तिनं त्याला रडू दिलं.

"शबनमची दोन लेकरं गेली," मग ती म्हणाली, "तवा तिला रडती सोडून तुम्ही वैरण टाकायला उठून गेल्ता. मी बी तुमच्या मागंच आल्ते."