मेणाची साय

चित्र इतकं लखलखीत होतं की धाकटा दारातच थबकला.

दादाच्या नव्या घरासाठी त्यानेच ते काढून दिलं होतं. आता घर जुनं झालं होतं, सोफ्याची कापडं बदलली होती, पण सोफ्यावरच्या भिंतीवर ती अर्धवट बांधलेली इमारत होती तशीच उभी होती. परांचीच्या बांबूंवर वाळत घातलेले कामगारांचे कपडे तर आज सकाळीच पिळून टाकल्यासारखे ताजे दिसत होते.

असं सहसा होत नाही. मेणाच्या खडूंनी थरावर थर चढवा, गरम चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत करा, तरी दुधावर यावी तशी काही आठवड्यांत चित्रावर मेणाची पांढुरकी साय धरते. मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसली की जाते, आणि पुन्हा येते. धाकटा हे प्रत्येकाला बजावून सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि विसरायचे. मग घरोघरी त्याची चित्रं धुरकटून बसायची. दादाला सांगितलं तेव्हा तर दादा फोनवर सिमेंटवाल्याशी कडाकडा भांडत होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून धाकट्याने तेव्हाच नाद सोडला होता.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्याला उलगडा झाला. हे काम यांचंच! त्याला एकदम भरून आलं. आभार मानायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादा आला.

"काय मेण्या, आज इकडे कुठे वाट चुकलास?"

दादा इमारती बांधायचा. वडलांच्या माघारी त्यानेच धाकट्याला वाढवलं, शिकवलं, काही कमी पडू दिलं नाही. फक्त भावाच्या चित्राला कधी चांगलं म्हटलं नाही. एवढा घोडा झाला तरी पोरांच्या खडूंनी खेळतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. भावाच्या एकाही प्रदर्शनात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. धाकटा वरवर हसून सोडून द्यायचा. आत मात्र ते सलायचं.

"दादा, माझं मोठं प्रदर्शन आहे. हे चित्र महिनाभर हवंय. दालनाची मुख्य भिंत याच्यासाठीच राखून ठेवलीय."

"नाही मिळायचं."

"अरे, विकायला नाही नेत. जसंच्या तसं परत आणून देईन."

"एकदा नाही म्हटलं ना? दुसरं काढ. खडूच तर घासायचेत."

धाकट्याने कप बशीवर आपटला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं ओठांवर आलं.

"तुला काय रे त्याचं, दादा? वहिनी जपतात म्हणून ते चित्र जिवंत आहे. नाहीतर तू कधी मान वर करून बघितलंस तरी का त्याच्याकडे?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"मला कशाला मधे ओढता, भावजी? मी त्याला आजवर बोट नाही लावलं. लावू दिलं तर ना! माझी मऊ सुती साडी फाडून फडकी केलीत यांनी. पुसत असताना हाक मारली तरी खेकसतात."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. साइटवर पन्नास माणसांना धाकात ठेवणारा दादा कानापर्यंत लाल झाला होता. तो बायकोकडे बघेना, भावाकडे बघेना. खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं चालल्यासारखा तिकडेच बघत राहिला. चहा निवत चालला होता आणि धाकट्याचे डोळे उगाच भरून येत होते.

शेवटी दादाने घसा खाकरला. सिमेंटवाल्याला दम भरावा तसल्या आवाजात म्हणाला, "ने. पण दर रविवारी मी तिथे येणार. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपायचा नाही!"