मास्तरांचा रुसवा

मास्तरांचं वागणं बाळाबाईला अजिबात पटलेलं नव्हतं. दिवाळीपासून हा माणूस तिला नावानं हाक मारत नव्हता. 'अगं', 'ए', 'ऐकलंस का' एवढ्यावर भागवत होता. रुसायचं तर खुशाल रुसावं, पण कारण तरी सांगावं की नाही माणसानं!

हाक ही मास्तरांची खासियत. त्या काळी अख्ख्या कसबा बावड्यात बायकोला नावानं बोलावणारा हा एकच बहाद्दर. शाळा सुटली की गल्लीच्या तोंडापासून "बाळाबाईऽऽ" अशी आरोळी ठोकायचा. गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारायची. सासूबाई, म्हणजे मास्तरांच्या आई चिमणाबाई, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "लाज सोडलीस व्हय रं?" म्हणायच्या. बाळाबाई लाजून चुलीत तोंड घालायची. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा गल्लीकडं कान लावून बसायची.

तिनं मात्र कधी त्यांचं नाव घेतलं नाही. लग्नाकार्यात कुणी फारच अडवून धरलं तर उखाण्यात, तेवढंच. एरवी मास्तर ते मास्तर.

आज दवाखान्यात कामाला असलेली नात निशिगंधा तिथलं नवं मशीन घेऊन घरी आली होती. दिसायला शाळेच्या पाटीएवढं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज ऐकून ते सांगायचं, डोकं जागेवर आहे की विसरायला लागलंय. ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. लाल आला की मोठा डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. हिरव्याकडं पुन्हा कुणी बघायचं नाही.

घरात दोनदा दूध उतू जाऊन गॅस तसाच राहिला होता. मास्तर म्हणाले, मी नाही. बाळाबाई म्हणाली, मी तर न्हाईच न्हाई. तेव्हा लेकानं, अमरसिंहानं, निकाल दिला होता. ज्याचा दिवा लाल, त्यानं गॅसला हात लावायचा नाही.

"आपल्याला आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगा," मशीन गोड आवाजात म्हणालं.

"ही कोन बया? पुन्याची दिसत्या."

"मशीन हाय आज्जी. तू बोल."

बाळाबाई बोलली. म्हस, रेडा, रेडकू, वगार. पुढं गोठा संपला, तशी बाळाबाईही थांबली. मशीन वाघ-सिंहांची वाट बघत बसलं.

"आता आपल्या जोडीदाराचे नाव सांगा."

बाळाबाईनं तोंड मिटलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आज्जी, घे की नाव."

"घे की म्हनं! असं कुनी घेतंय व्हय?"

"मग उखाण्यात घे."

"मशीनफुडं उखाना? हळदीकुंकू हाय व्हय ह्ये?" तिनं समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. "ह्ये काय, बसल्यात की समोर."

मशीनला बोट दिसत नव्हतं. ते थांबलं, थांबलं, आणि लाल झालं.

निशिगंधाचा चेहरा पडला. "आज्जी, तू काय बोललीस ते मशीन बघत न्हाई. किती पटपट बोललीस, कुठं अडलीस, ते मोजतंय. शिकलेल्या माणसांचे आवाज ऐकवून तयार केलंय त्याला."

"मग जा, त्यास्नीच तपास. माझ्या घरात येऊन मला कशापायी लाल करत्यास?"

आवाज नेहमीसारखा चढला होता, पण नजर आत गॅसच्या शेगडीकडं वळली होती. गॅस गेला म्हणजे चहा गेला. चहा गेला म्हणजे आल्यागेल्याला "बसा" म्हणायचा हक्कच गेला.

मग मास्तर बसले. जन्मभर वर्गापुढं चाललेली जीभ ती. वाघ, सिंह, हत्ती, हरीण, सगळे कवायतीला उभे राहिल्यासारखे एका रांगेत बाहेर आले.

"आता आपल्या जोडीदाराचे नाव सांगा."

"सौभाग्यवती चिमणाबाई," मास्तर म्हणाले. ताठ बसून, खणखणीत, एकदाही न अडखळता.

हिरवा दिवा लागला.

मास्तरांनी बाळाबाईकडं बघितलं, पहिला नंबर आलेल्या पोरासारखं. निशिगंधा दिव्याकडं बघत राहिली, मग आजोबांकडं. ती काहीतरी म्हणणार, तेवढ्यात बाळाबाईनं हातानंच तिला गप्प केलं.

तिनं भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडं एकदा पाहिलं. मग उठली. खुर्ची ओढून मास्तरांच्या अगदी शेजारी बसली. नातीदेखत असं कधी बसली नव्हती.

"पोरी, तुझ्या त्या बयेला सांग, गप ऱ्हानारं समदंच इसरलेलं नसतंय," ती म्हणाली. "आन मोठ्या डाक्टरला सांगून ठेव, उद्या आमी दोघं येनार. एकटं न्हाई सोडायची मी ह्यास्नी."

"कुणाला काय झालंय गं?" मास्तरांनी विचारलं.

बाळाबाईनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"रुसला न्हवता व्हय तुमी, जोतीराम!" उखाण्याशिवाय, नातीदेखत, मशीनदेखत ती मोठ्यानं म्हणाली. "आन माझंच दिवाळीपास्नं तोंड फुगलेलं. ऱ्हाऊ द्या. लई हाका मारल्या तुमी. आता गल्लीच्या तोंडापास्नं मी मारनार, तुमी निस्तं 'व्हय' म्हनायचं."