सरासरीबाहेरचा ढग

शेवंताबाई गलांडे तहसीलच्या हवामान खिडकीशी पोचल्या, तेव्हा त्यांच्या सुकत्या बाजरीवर आलेला काळा ढग तिथल्याच मनोऱ्यावरचं यंत्र शेजारच्या तालुक्यात हाकलत होतं.

"भाऊसाहेब, तो आमच्यावर पडणार होता!"

"मावशी, तुमचा तालुका नोंदीप्रमाणे कोरडा. पाऊस पडू दिला की सरासरी बिघडते," कारकून चहा फुंकत म्हणाला. "नवी सरासरी तीस वर्षांनी निघेल. तेव्हा अर्ज करा."

शेवंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावच्या डीपीचा फ्यूज त्याच बसवत. कनवटीची पक्कड काढून त्यांनी मनोऱ्याची केबल कचकन तोडली. ढग जागीच थबकला.

"अहो, या तालुक्यात असं कधीच घडलेलं नाही!"

"मग तीस वर्षं रोज तोडते," त्या म्हणाल्या. "येईल सरासरीत."