कोंबडा आणि कोंबडी

सातवीतल्या तियामिकेच्या टॅबवरची अपूर्णांकांची गणितं अचानक बंद झाली आणि त्या जागी नवा धडा आला, ‘तान्ह्या बाळाला न्हाऊ कसं घालावं’. वर्गात तिच्यासारखं गणित कुणालाच येत नव्हतं. कापितो सरांनी टॅब बंद करून पुन्हा चालू केला, तरी आठवडा झाला, बाळ काही हटेना. शेवटी त्यांनी टॅबवाल्या कंपनीच्या माणसाला लिलाँग्वेला फोन लावला.

"बिघडलेला नाही हो सर," तो हसला. "तुमच्या गावातल्या आधीच्या मुलींचं पुढं काय झालं, ते बघून टॅब धडे निवडतो. जे कामाला येणार नाही, त्यात पोरीचा वेळ कशाला घालवायचा?"

सरांचं डोकंच फिरलं. तिचं गणित मी स्वतः घेईन, असं घरच्यांना सांगायला ते तडक निघाले.

अंगणात चटईवर परकी माणसं न्सिमा खात बसली होती. दाराशी, सोयरीक पक्की करताना अदलाबदल करतात तो कोंबडा आणि ती कोंबडी, पाय बांधून ठेवलेली. तियामिके कुठं दिसेना. भाचीचं लग्न मामाच्या शब्दावर ठरतं; तो मामाच हात पुसत सामोरा आला.

"या सर, बसा! खरं तर तिला पुढं शिकायला झोम्बाला धाडणार होतो आम्ही.


पण तुमच्या शाळेनंच बाळाचे धडे सुरू केले, मग म्हटलं, आपण कशाला अडून बसायचं?"