टाकीतले पाणी

“आता डोळे मीट. मी सांगेन तेव्हाच उघड.”

पहिल्या खेळाला शेजारी बसलेला नवरा असे म्हणाला होता. तिने मिटले. पडद्यावरचे भूत म्हणजे तोच, लांब नखांचे रबरी हातमोजे चढवलेला. आणि भूत पाळण्यातून उचलणार ते बाळ म्हणजे त्यांचीच तान्ही लेक. पुढे ते बाळ दगडी टाकीत बुडवले जाते, एवढे तिला ठाऊक होते. तेवढ्यात लोक ओरडत उठले, खुर्च्या मोडल्या. नवऱ्याने तिला हाताला धरून बाहेर काढले. ‘उघड’ म्हणायचे राहूनच गेले.

चित्रीकरणाच्या आठवड्यात लेकीला ताप भरला होता. सिनेमापायी पोटच्या पोरीला गार पाण्यात बुडवले, असा बोभाटा झाला. सिनेमा उतरवला गेला. “पाणी कोमट होतं गं,” एवढेच तो जन्मभर सांगत राहिला. ती मान हलवायची. मनातली अढी मात्र सुटली नाही, आणि तो ते ओळखून होता.

लेक मोठी झाली ती लोकांचे ऐकून. बापाच्या शेवटच्या दिवशीही आली नाही. परवा फोनवर म्हणाली, “तू तरी कुठे बघितलंयस, आई? उगाच त्यांची बाजू घेऊ नकोस.”

“सिनेमा पुन्हा लागलाय. बघते. जे दिसेल ते तुझ्या दारात येऊन सांगेन. वाईट असलं तरी.”

दुपारच्या खेळाला बहुतेक कॉलेजची पोरे होती. तिने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. भूत आले तशी मागे खसखस पिकली.

“यावर बंदी होती? आमचे काका झोपेतून उठल्यावर याहून भयंकर दिसतात.”

पाळणा आला. तिचे डोळे आपसूक मिटले. ती वाट बघत राहिली. मग आठवले, शेजारी नुसती पिशवी आहे. तिने आपणच डोळे उघडले.

भुताने बाळ एका हातावर पेलले होते, मान तळव्यात. दुसरा हात पाण्याशी जाऊन थबकला. रबराला काय कळणार? भुताने झग्याची बाही वर सारली आणि कोपर पाण्यात बुडवले. थांबले. पुन्हा बुडवले. मगच बाळाला अलगद खाली नेले.

“अरे, भूत पाणी कोमट आहे का बघतंय!”

सगळे थिएटर खदखदून हसले.

लेकीच्या पहिल्या अंघोळीला तिनेच त्याला शिकवले होते. हाताचे काही खरे नाही, कोपराला कळते.

खेळ सुटल्यावर ती तिकीट खिडकीशी गेली. “उद्याची दोन द्या.”

“एवढा आवडला, आजी? सगळे तर म्हणतात, आता भीती वाटत नाही.”

“नाही वाटत,” ती म्हणाली. “तेच मुलीला दाखवायचंय.”

तिकिटे पिशवीत ठेवून ती लेकीच्या घराकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभी राहिली. उद्या पाळणा आला की लेकही डोळे मिटून घेईल. ‘उघड’ म्हणायला या वेळी शेजारी कोणीतरी असेल.