गुरुवारची पट्टी

“पट्टी करा, गोळ्या द्या, आमचं काही म्हननं नाही,” वीरेंद्र म्हणाला. “पर इथं प्रार्थना करनार नाही म्हनून लिहून द्या. सही केली का आमी चाललो.”

सिस्टर अल्बिना जागची उठली नाही. तिच्या मांडीवर कौशल्याबाईचा पाय होता. तळव्याला सुपारीएवढी जखम. महारोगानं पाय असा बधिर केला होता की काटा मोडला तरी म्हातारीला कळत नसे. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली दर गुरुवारी सकाळी असे पाच-सहा जण येऊन बसत. सिस्टर तुमसरच्या मिशनमधून स्कूटीवर येई, पाय पाण्यात भिजवी, जखमा धुई, पट्ट्या बांधी. नऊ वर्षं झाली होती. आंबागडच्या किल्ल्याखालच्या या गावात त्या पायांना दुसरं कोणी हात लावत नव्हतं. ती मूळची जशपूरकडची, हिंदी मुलखातली. मराठी ती मोहाखालच्या याच बायांकडून शिकली होती, आणि त्यांच्यासारखंच ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणे.

वीरेंद्रचं खताचं दुकान होतं आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. मागं मनिष आणि आणखी चौघे उभे होते. कागद टाइप करूनच आणला होता.

“मी प्रार्थना करतो,” सिस्टर म्हणाली.

ती हे नाकारेल अशी तयारी करून ते सगळे आले होते.

“कोनाकोनाले किरिस्ताव केलं मंग?” मनिषनं विचारलं.

“नऊ वर्सांत एक तरी झाला असन तं नाव सांगा.”

वीरेंद्रनं बिडी शिलगावली. “मंग सही कराले काय होते?”

सिस्टरनं जखमेवरचा कापूस काढला. “पयल्या दिवशी हा पाय पाहून मले उलटी झाली होती.”

“झाली होती नं,” कौशल्याबाई म्हणाली. “माह्याच आंगनात. मीच राख टाकली.”

“दुसऱ्या खेपेले रस्ताभर प्रार्थना करत आली, तवा हा पाय हातात धरता आला. आजही तसंच आहे. प्रार्थना सुटली तं पट्टीही सुटन. मी सही करत नाही.”

“तं मंग पुढच्या गुरुवारी आमी तुमाले येऊ देत नाही,” मनिष म्हणाला.

“मी येतो.”

वीरेंद्र पुढं झाला. कागद तिच्या तोंडासमोर नाचवत तो मोठ्यानं बोलू लागला. तेवढ्यात सिस्टरला वास आला. कातडी जळल्याचा. तिनं वर पाहिलं. वीरेंद्रच्या डाव्या हातातली बिडी पार शेवटाला आली होती. निखारा थेट बोटाला टेकला होता, तिथली कातडी काळी पडली होती, आणि तो बोलतच होता. मनगटाच्या वर फिकट चट्टा होता. नऊ वर्षं तिनं हेच पाहिलं होतं.

याला महारोग आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं. ते मोठ्यानं बोललं की हे पाच जण वीरेंद्रपासून चार पावलं मागं सरले असते. उद्या त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढलं नसतं. कागद तिथंच मोहाखाली पडून राहिला असता. वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि ते किती गोड लागतं आहे हे कळून तिलाच भीती वाटली. तिनं डोळे मिटले. प्रार्थना बंद करायला आलेल्या माणसांसमोर तिचे ओठ हलू लागले. प्रभू, माझं तोंड धर, एवढंच ती म्हणत होती.

मग तिनं कौशल्याबाईचा पाय हळूच खाली ठेवला आणि उठली. वीरेंद्रच्या अगदी जवळ जाऊन तिनं त्याच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि ती त्याच्या खिशात ठेवली.

“बिडी बोटाले लागली आहे, भाऊ,” ती त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाली. “तुमाले समजलं नाही. यावर औषध आहे, सहा-बारा महिन्यांत पुरं बरं होते. गुरुवारी एकटे या. नाही तं सांगा, मी घरी येतो. मी कोनाले सांगत नाही.”

वीरेंद्रनं बोटाकडे पाहिलं. बिडी गळून पडली. तो वळला आणि चालू लागला. बाकीचे गोंधळून त्याच्या मागं गेले.

आठवडाभर सिस्टर सकाळच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेत, त्याचं नाव घेत राहिली. त्याचा निरोप काही आला नाही. बुधवारी मिशनच्या मुख्य मदर म्हणाल्या, “उद्या राहू दे. भांडण वाढेल.”

“कौशल्याबाईची पट्टी आठ दिवसांची झाली, मदर,” ती म्हणाली.

गुरुवारी वळणावरूनच तिला दिसलं. मोहाखाली वीस-पंचवीस माणसं उभी होती. मनिष सगळ्यांत पुढं होता. कौशल्याबाई आणि बाकीचे रोगी बाजूला शेताच्या धुऱ्यावर बसले होते. सिस्टरनं स्कूटीचा वेग कमी केला. परतायला रस्ता मोकळा होता. ती सरळ मोहाखाली आली, गाडी लावली, सगळ्यांसमोर कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण केली आणि घमेलं खाली काढलं.

गर्दीतून वीरेंद्र आला. बोटाला मळकी चिंधी होती. ती त्यानं सगळ्यांदेखत सोडली, जळकं बोट उघडं केलं आणि हात तिच्या हातात दिला.

“तुमची ती प्रार्थना करून घ्या, सिस्टर,” तो म्हणाला. “मंग मले तपासा. मंग ह्या सगळ्यायले तपासा. माह्यासंगं उठतेत-बसतेत, म्हनून मीच घेऊन आलो त्यायले.”